जेरुसलेमचा दिल्ली दरवाजा

ते पत्रक मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या चळवळीतल्या लोकांना ते कुणी लिहिलं हे आता आठवत नाही. मला आठवतं. अर्धा ताव कागद, एका बाजूनं छापलेला, वर जाड टायपात एकच ओळ: 'शाळेत निजामाच्या परतीचे धडे!' छापखान्यात खिळे जुळवणारा म्हणाला होता, "त्या मापाचं उद्गारचिन्ह एकच शिल्लक हाय." मी म्हणालो, "तेच लावा."

पोलीस ॲक्शन होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. औरंगाबादेत शाळांचं माध्यम उर्दूचं मराठी होत होतं. कुठं झालं होतं, कुठं अर्धवट लोंबकळत होतं. ते लवकर व्हावं म्हणून आम्ही पाच-सहा जण पत्रकं काढायचो, सभा घ्यायचो. मी एकवीस वर्षांचा. मूळचा लासूर स्टेशनचा. रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीच वडिलांनी मला गाडीत बसवून नाशिकला मामाकडं शिकायला धाडलं, त्यामुळं उर्दूचं एक अक्षर मला येत नव्हतं. येत नाही याचा अभिमान होता. सभेत हे सांगून मी टाळ्या घ्यायचो.

एक दिवस मोंढ्यातले एक आडते आमच्या गुलमंडीवरच्या खोलीत आले. वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. धामधुमीत त्यांचं सरकीचं गोदाम जाळलं होतं आणि ती राख त्यांच्या बोलण्यातून कधी गेली नाही. त्यांनी मुलाची शाळेची वही माझ्यापुढं टाकली.

"हे बघ. मास्तर काय शिकवतोय."

वहीत नकाशा होता. पश्चिमेला खाम नदी, भोवती तट, तटात दरवाजे. आपलं शहर मला आकारावरूनच ओळखू आलं. अक्षरं उर्दू. काका जुन्या शाळेत शिकलेले, ते बोट ठेवून वाचत गेले. दिल्ली दरवाजा: इथून फौज आत शिरली. पैठण दरवाजा: इथून दुसरी फौज. मधल्या चौकात: इथं कत्तल झाली. आणि खाली, रेघ मारून: अठ्ठ्याऐंशी वर्षांनी सुलतानानं शहर परत घेतलं.

"परत घेतलं म्हणतोय," काका म्हणाले. "पोरांना सांगतोय, थांबा, दम धरा, सुलतान येणार हाय."

माझं डोकं भणाणलं. आपल्या सैन्यानं कत्तल केली, असं हा माणूस पोरांच्या वहीत लिहवून घेतो? त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. वहीची मागची पानं वाचून दाखवा, असं मी काकांना म्हणालो नाही. त्यांनीही वाचली नव्हती.

गुलमंडी, शहागंज, पैठण गेट, सगळीकडं खळ लावून आम्ही ते चिकटवलं. आठ दिवसांत शिक्षण खात्यातून शाळेला पत्र आलं. त्या मास्तरानं तोच धडा तीन आठवड्यांनी समितीपुढं, मुलांना समोर बसवून, मराठीत शिकवून दाखवावा. समितीचं समाधान झालं नाही तर नोकरी संपली. माझ्या पत्रकाला इतक्या लवकर फळ आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी एक पन्नाशीचा माणूस आमच्या खोलीचा जिना चढून आला. धुऊन धुऊन विरलेली शेरवानी, हातात छत्री.

"पत्रकवाले साहेब कोण?"

"मी."

"बरं झालं भेटलात. तो मास्तर मी."

खोलीत आम्ही चौघं होतो. कुणी बसा म्हणालं नाही. तोच बसला.

"मराठी बोलता येती मला. सिल्लोडकडचा हाय मी, आईच्या दुधासंगं आलेली हाय. पण लिव्हता-वाचता येत नाय. धडा मराठीत लिव्हायचा, फळ्यावर मराठीत काढायचा, तीन आठवड्यांत. घरात सात तोंडं हायत. आग तुम्ही लावली, आता पाणी बी तुम्हीच शेंदा. मला मराठी शिकवा."

आमच्यातला एक जण फिस्सकन हसला. आमचे वडीलधारे, एक वकील होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जा. शिकव. उद्या कुणी म्हणायला नको, आपण त्याला संधी दिली नाही." म्हणून मी गेलो. दया वगैरे काही नव्हती. धड्यात विष कुठं आहे ते जवळून बघायला मिळेल, असा माझा हिशेब होता.

शहागंजच्या मागं त्यांची दोन खोल्यांची जागा. आतून चहा आला, पडद्याच्या कडेनं पुढं सरकवलेला. मास्तरांनी तोच नकाशा, स्वतःच्या हातानं काढलेला, सतरंजीवर पसरला.

"पहिलं एक सांगा. आपली फौज शहरात कुठून आली?"

"दौलताबादच्या रस्त्यानं, आमच्या लासूरवरनं."

"म्हंजे मावळतीकडनं. तुमच्याच लासूरच्या बाजूनं. आणि ह्या नकाशात?"

मी बघितलं. दिल्ली दरवाजा उत्तरेला. दुसरी फौज पैठण दरवाजातून, म्हणजे दक्षिणेकडून. लासूरहून शहरात मी किती वेळा आलोय. रस्ता मला झोपेत सांगता आला असता.

"हे जेरुसलेम हाय, साहेब," ते म्हणाले. "आठ-साडेआठशे वर्षांमागचं. पोरांनी जेरुसलेम कुठं बघितलंय? तट बघितलाय, दरवाजे बघितलेत. म्हणून मी परत्येक शहर ह्याच तटात बसवतो. सव्वीस वर्षं झाली. फ्रान्सच्या लोकांनी तुरुंग फोडला ना, तो मी हर्सूलचा फोडतो. त्याच्यावर नाय काढलं पत्रक?"

माझे कान तापले. एका चित्राच्या खालच्या चार ओळींवरून मी एका माणसाची भाकरी ओढली होती, आणि ते चित्र दुसऱ्याच देशातल्या गावाचं होतं. उठून पळावंसं वाटलं. पण त्यांनी बोरू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लिव्हा. येळ थोडा हाय."

रोज सकाळी शाळेआधी मी जायचो. ते बोलायचे, मी मराठीत उतरवायचो, मग ते माझं अक्षर गिरवायचे. अक्षर डावीकडून काढायला लवकर शिकले, पण वरची रेघ मात्र उजवीकडून ओढायचे. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

धडा असा होता. युरोपातून माणसं निघाली, छातीवर क्रूस शिवून. त्यांच्या देवाचं पवित्र गाव दुसऱ्यांच्या ताब्यात आहे म्हणून. तीन वर्षं चालली. निम्मी वाटेत मेली. गावापुढं आली तेव्हा तहानेनं व्याकूळ. तटाभोवती अनवाणी फेरी घातली, देवाचं नाव घेत. ("आपल्या दिंडीवाणी?" मी विचारलं. "पायाचे फोड सगळ्यांचे सारकेच," ते म्हणाले.) मग लाकडाचा चाकांचा मनोरा करून उत्तरेच्या तटाला लावला. दिल्ली दरवाजाच्या बाजूनं आत उतरले. आणि मग आत जे होतं ते कापलं. मुसलमान कापले. ज्यू लोक त्यांच्या प्रार्थनेच्या घरात जाऊन बसले, तर ते घर पेटवलं. बाया, पोरं, म्हातारे.

मी नाशिकला मॅट्रिक झालो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पुस्तकात 'धर्मयुद्धे झाली व त्यामुळे व्यापार वाढला' असं वाक्य होतं. वाक्य पाठ होतं. मार्कं मिळाली होती.

"आता हे नीट लिव्हा," मास्तर म्हणाले. "मशिदीच्या गच्चीवर शेकडो माणसं चढून बसली. क्रूसवाल्यांच्या एका सरदारानं त्यांना आपलं निशाण दिलं. म्हणाला, हे वर लावा, कुणी हात लावणार नाय. त्यांनी लावलं. सकाळी क्रूसवालेच वर चढले. निशाण तिथंच व्हतं. माणसं उरली नाय."

मी लेखणी ठेवली. "हे काढा."

"का?"

"मास्तरसाब, समितीत माणसं बसलेली असतील. काका बसलेले असतील. त्यांना वाटेल तुम्ही पोलीस ॲक्शननंतरचं बोलताय. सिल्लोडकडं तेव्हा मुसलमानांचं काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नोकरी जाईल."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"काय झालं तुम्हाला माहीत हाय?"

"ऐकलंय."

"मग माझ्या बहिणीचं ऐका. तिच्या खेड्यात आमची चार घरं. बाहेरनं टोळी निघाली अशी आवई आली. गावच्या पाटलानं चारी घरं आपल्या गोठ्यात आणली, एकवीस माणसं. दाराला कडी घातली, आणि डोक्याचा पटका सोडून त्या कडीला बांधला. पाटलाचा पटका म्हंजे पाटलाची मान. तो ओलांडायचा तर पहिली ती उतरवायची."

मला पुढचं कळलं असं वाटलं. मी मान खाली घातली. ते माझ्याकडं बघत होते.

"वाचली," ते म्हणाले. "एकवीसच्या एकवीस. पाटील बोडक्या डोक्यानं दोन दिवस दारात बसला. टोळी आली, शिव्या दिल्या, गेली. मुतायला बी उठला नाय म्हणते बहीण, तिथंच कोपऱ्यात."

मला रडू यायला हवं होतं. मी काय केलं? मी उसळून म्हणालो, "मास्तरसाब, हे धड्यात घाला! समिती खूश होईल. निशाणाच्या शेजारी पटका! काकासुद्धा..."

"नाय."

"पण..."

"ते परीक्षेसाठी नाय. पाटलाला गावात ऱ्हायचंय, बहिणीला बी. आणि निशाण काढायचं नाय. तिथं निशाण व्हतं, पाटील नव्हता. एवढंच पोरांना सांगायचं असतंय मला."

(ही गोष्ट आता लिहितोय ती मास्तरांच्या परवानगीनं. गेल्या साली पाटील वारले. गावाचं नाव नको, एवढंच ते म्हणाले.)

राहिला धड्याचा शेवटचा भाग. क्रूसवाल्यांनी तिथं राज्य थाटलं, घुमटावर क्रूस चढवला, मशिदीत घोडे बांधले. अठ्ठ्याऐंशी वर्षं. त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथंच जन्मली, त्यांना दुसरं गाव माहीत नव्हतं. मग त्यांचं सैन्य भर उन्हाळ्यात, पाण्यावाचून, सुलतानाच्या मागं माळावर गेलं. सुलतानानं वाळलेलं गवत पेटवून दिलं. सैन्य संपलं. सुलतान गावापुढं आला. म्हणाला, तुम्ही जसं घेतलं तसंच मी घेणार. पुन्हा उत्तरेचाच तट फुटला. आणि मग त्यानं शब्द फिरवला. माणशी खंडणी भरा आणि चालते व्हा, म्हणाला. कत्तल झाली नाही.

मी लिहिलं: 'अशा रीतीने उदार सुलतानाने सर्वांना जाऊ दिले.' चांगलं वाक्य झालं होतं. मला आता मास्तरांची बाजू घ्यायचा जोर चढला होता.

"सगळ्यांना?" ते म्हणाले. "गरिबाकडं सोन्याची नाणी कुठनं येणार? सुलतानाच्या भावानं हजार माणसं मागून घेतली आणि सोडली. सुलतानानं म्हातारे सोडले. तरी हजारो ऱ्हायले, ते गुलाम झाले. आणि त्यांचाच मोठा पाद्री सोन्याच्या गाड्या भरून त्यांच्या समोरनं गेला, त्यांची खंडणी भरली नाय. लिव्हा हे."

शेजारचे एक बुजुर्ग दारात तंबाखू मळत ऐकत उभे होते. ते म्हणाले, "वो गुलामांवाली बात कायकू? अपनी नाक कटती ना."

"नाक रहने दो चचा," मास्तर म्हणाले, "बात भी रहने दो."

मी त्या म्हाताऱ्याकडं बघितलं आणि मला शरम वाटली. निशाण काढा म्हणणारा मी आणि गुलाम काढा म्हणणारा तो, दोघं एकाच दारात उभे होतो.

परीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर. समितीचे तिघं खुर्च्यांवर, त्यांचे प्रमुख बाहेरगावाहून आलेले, शुद्ध बोलणारे. काका तक्रारदार म्हणून भिंतीशी. मास्तरांनी फळ्यावर तट काढला, इतका सफाईनं की एका सदस्यानं चष्मा वर केला. मग लिहिलं: दिल्ली दरवाजा. आणि रेघ ओढली, उजवीकडून डावीकडं. प्रमुखांनी काहीतरी टिपून घेतलं.

"तर लई लांबून आली ही माणसं," मास्तरांनी सुरुवात केली आणि पोरं हसली. शाळेत, मास्तरच्या तोंडून, घरातली मराठी! दहा मिनिटांत हसणं थांबलं. निशाणापाशी ते आले. हातात माझा कागद होता, पण ते त्याच्याकडं बघत नव्हते.

"सकाळी निशाण तिथंच व्हतं," ते म्हणाले आणि थांबले. इतके थांबले की मला वाटलं शब्द विसरले, आता गेली नोकरी. मग मुलांना विचारलं, "गच्चीवरच्या माणसांचं काय चुकलं, सांगा?"

कुणी हात वर केला नाही. प्रमुखांची लेखणी थांबली होती.

"काय बी चुकलं नाय," मास्तर म्हणाले, आणि पुढं गेले. सुलतान, खंडणी, गुलाम, पाद्रीच्या गाड्या, घुमटावरून उतरवलेला क्रूस. काही सोडलं नाही.

मुलं बाहेर पाठवल्यावर प्रमुख म्हणाले, "आपलं मराठी बोलीचं आहे, पण चालेल. मात्र आपल्या गावचे दरवाजे वापरण्याचं प्रयोजन काय? मुलांचा गैरसमज होतो."

"मुलांचा नाय झाला, साहेब."

तेवढ्यात काका भिंतीपासून पुढं आले. "आमचं गोदाम जाळलं, ते ह्या नकाशात कुठं हाय, सांगा की!"

मास्तर फळ्याकडं वळले. मला वाटलं आता दोघं भांडणार. त्यांनी खडू उचलला आणि चौकाजवळ एक छोटा चौकोन काढला. "हे तुमचं," ते म्हणाले. शेजारी दुसरा काढला. "हे माझ्या मेव्हण्याचं किराणा दुकान. शहर पडलं की कुणाचं ते कुणी इचारत नाय, शेठ."

काका त्या दोन चौकोनांकडं बघत राहिले. मग टोपी घालून निघून गेले. मुलाची वही पुन्हा कधी त्यांनी मागितली नाही, ती अजून माझ्याकडंच आहे.

महिन्यानं हुकूम आला. मी समजत होतो, एक तर राहतील, नाहीतर जातील. हुकूम तिसराच होता. मराठी समाधानकारक, नोकरी कायम. मात्र तक्रारीचं स्वरूप पाहता इतिहास हा विषय यापुढं देऊ नये. फळ्यावरचं रेखाटन उत्तम असल्यानं चित्रकला द्यावी.

चित्रकला! सव्वीस वर्षं ज्यानं पोरांना जगातली सगळी शहरं या तटात आणून दाखवली, त्यानं आता सफरचंद आणि लोटा काढायला शिकवायचं. आणि कारण काय, तर 'तक्रारीचं स्वरूप'. ते स्वरूप म्हणजे मी. तो हुकूम मी तीनदा वाचला. अन्याय म्हणावा इतकाही तो उघडा नव्हता. माणूस जिवंत ठेवून त्याची जीभ तेवढी बदलली होती, तीही सभ्य भाषेत.

मी वकिलांकडं गेलो. म्हणालो, आपलं पत्रक चुकीचं होतं, दुसरं काढू.

"नोकरी वाचली ना त्याची?"

"इतिहास गेला."

"अरे, पोट तर भरतंय. आपलं एक पत्रक आपणच खोटं ठरवलं, की पुढच्यावर कोण विश्वास ठेवील? मराठीचं काम मोठं आहे. थोडं सोसावं."

"कुणी सोसावं?" मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, तू लहान आहेस.

छापखाना त्यांच्या शब्दावर चालायचा. म्हणून मी घरी बसून हातानं आठ प्रती लिहिल्या. चूक माझी, धडा जेरुसलेमचा, इतिहास त्यांना परत द्या, असं सगळं. ताव भरला. चिकटवायच्या आधी मास्तरांना दाखवावं म्हणून सकाळीच शहागंजला गेलो. आता त्यांना वाचता येत होतं.

ते बोट ठेवून वाचू लागले. मी तोंडाकडं बघत होतो. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू? अर्ध्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पटक्याचा सगळा मजकूर आडवा खोडला.

"हे मी सांगितलं व्हतं, नाय म्हणून."

"तुम्ही कुणाला वाईट वाटू नये म्हणून... लोकांना कळावं म्हणून..."

ते पुढं वाचत गेले. पुन्हा थांबले. 'सुलतानाने सर्वांना सोडून दिले', मी लिहिलं होतं. पुन्हा तेच! ज्या वाक्यावर त्यांनी मला एकदा अडवलं होतं, ते माझ्या हातानं आपोआप परत लिहिलं होतं, आठही प्रतींत.

"पोरा," ते म्हणाले. त्या दिवसापर्यंत मी साहेब होतो. "पहिल्या पत्रकात मला वाईट करायला खोटं लिव्हलंस. ह्याच्यात चांगलं करायला लिव्हतोस. मला चांगला केलास तर इतिहास परत देतील?"

"नाही."

"मग कशाला?"

जी सवय मला टाळ्या देत होती तीच ही, हे मला त्या सतरंजीवर बसून कळलं.

त्यांनी 'सर्वांना' खोडलं. वर बारीक अक्षरांत लिहिलं: पैसे भरले त्यांना. बाकी हजारो गुलाम झाले. मग उजवीकडून डावीकडं रेघ ओढली.

"आठही परत लिव्ह. मी तपासतो."

दुपार झाली. एकेक प्रत ते वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. सहावीत मी एका ठिकाणी 'थोर' घातलं होतं, तेही खोडलं. शेवटी म्हणाले, आता लाव. पहिलं मी दिल्ली दरवाजाला लावलं. चार-पाच जण थांबून वाचून गेले. एकानं विचारलं, कोणत्या पक्षाचं हाय? मी म्हणालो, माझं.

इतिहास त्यांना परत मिळाला नाही. ते अजून चित्रकलाच शिकवतात.